नाव कोचीनचे, कूळ कुठले?

कोंबड्यांच्या जातींची चित्रे असलेले कोणतेही इंग्रजी पुस्तक उघडले, की एका पानावर एक अगडबंब कोंबडी हमखास भेटते. अंगाने गोल, पिसे मऊ आणि भरगच्च, पायांवर बोटांपर्यंत पिसांचे मोजे, आणि चालणे एखाद्या जाडजूड मामींसारखे संथ. खाली नाव लिहिलेले असते 'कोचीन'. आपल्यापैकी कोणीही हे नाव वाचून म्हणेल, की ही केरळातली असणार. मंडळी, तसे अजिबात नाही. ही कोंबडी चीनमधली, शांघायच्या आसपासची. कोचीन शहराशी तिचा काडीचा संबंध नाही.

मग हे नाव तिला कसे चिकटले, या प्रश्नामागे लागले की एक मोठी सफर घडते. त्या सफरीत आपले दख्खन येते, आपण आज राहतो तो समुद्र येतो, विलायतेची राणी येते, डार्विन येतो. आणि शेवटी एक गोष्ट अशी निघते, की नाव चुकले असले तरी या कोंबडीच्या अंगात सह्याद्रीचा एक अंश खरोखरच आहे.

नावाची गंमत

चिनी लोक आजच्या उत्तर व्हिएतनामच्या मुलखाला 'जिआओझी' म्हणत. मलय खलाशांच्या तोंडी त्याचे 'कुची' झाले. १५११ मध्ये पोर्तुगीजांनी मलाक्का जिंकले आणि पूर्वेकडच्या बंदरांची नावे त्यांनी मलय लोकांकडून उचलली. पण 'कुची' ऐकताच त्यांना अडचण आली. हिंदुस्थानच्या पश्चिम किनाऱ्यावरचे कोचीन त्यांना आधीच माहीत होते. १५०० सालापासून त्यांची जहाजे तिथे मिरी भरत होती. दोन्हींची गल्लत नको म्हणून पूर्वेकडच्या मुलखाला त्यांनी 'चीनजवळचे कोचीन', म्हणजे 'कोचीन-चायना', असे नाव दिले. पुढे हे नाव खाली सरकत सरकत दक्षिण व्हिएतनामला जाऊन बसले.

एकोणिसाव्या शतकात चीनकडून काही मोठ्या कोंबड्या इंग्लंडला पोहोचल्या, तेव्हा त्यांना 'कोचीन-चायना' म्हटले गेले. काही वर्षांनी रोजच्या बोलण्यात 'चायना' गळून गेले आणि उरले नुसते 'कोचीन'. म्हणजे गल्लत टाळण्यासाठी जो शब्द जोडला होता, नेमका तोच लोकांनी टाकून दिला! बंदरावर लिहिलेल्या नावाचे हे असेच असते. माल कुठून आला यापेक्षा तो कोणाच्या तोंडून कोणाच्या वहीत गेला, यावर ते ठरते.

दख्खनमधला पूर्वेचा कोंबडा

कोचीनची गोष्ट सुरू होण्याच्या आधीची एक नोंद आपल्या मुलखातली आहे, आणि ती फारशी कोणाला ठाऊक नसते.

कर्नल विल्यम हेन्री साइक्स हे मुंबई सरकारचे अधिकारी. १८२४ पासून १८३१ पर्यंत ते दख्खनची सांख्यिकी पाहणी करत होते. पिके, जमीन, माणसे मोजता मोजता त्यांनी पक्ष्यांच्याही नोंदी केल्या, आणि १८३२ मध्ये लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेपुढे दख्खनच्या पक्ष्यांची यादी सादर केली. शक्य तिथे मराठी नावेही दिली. आपल्या माळरानावरचा एक तुरेवाला चंडोल आजही त्यांच्याच नावाने ओळखला जातो.

या यादीत कोंबड्यांच्या दोन नोंदी आहेत. पहिली आपल्या रानकोंबड्याची. पश्चिम घाटातल्या रानात तो विपुल आहे असे साइक्स सांगतात. हा करड्या रंगाचा रानकोंबडा. त्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचे थेंब सांडल्यासारखे पिवळे ठिपके असतात. महाबळेश्वर, कोयना, राधानगरीकडे पहाटे ज्यांनी मुक्काम केला आहे त्यांनी त्याचे तुटक आरवणे ऐकले असेल. दुसरी नोंद एका प्रचंड पाळीव कोंबड्याची आहे. हिंदुस्थानातले युरोपियन लोक त्याला 'कुल्म' कोंबडा म्हणत. साइक्स यांच्याजवळच्या एका कोंबड्याची उंची डोक्यापर्यंत २६ इंच भरली, म्हणजे जवळजवळ जेवणाच्या टेबलाइतकी. साइक्स यांचे मत असे, की हा पक्षी मूळ हिंदुस्थानचा नव्हे. मुसलमान लोकांनी तो सुमात्रा किंवा जावातून आणला असावा. दोन कोंबडे आणि एक कोंबडी घेऊन जून १८३१ मध्ये ते इंग्लंडला उतरले. तिथला हिवाळा या पक्ष्यांनी सहज सोसला, आणि कोंबडीने दोन वेळा पिल्ले वाढवली.

या मोठ्या, उंच पायांच्या जातीला इंग्रज पुढे 'मलय' म्हणू लागले. म्हणजे कोचीनच्या आधी सुमारे पंधरा वर्षे, आपल्या या दक्षिणेकडच्या समुद्रातला कोंबडा दख्खनमार्गे विलायतेला पोहोचला होता. पूर्वेकडचे पक्षी पश्चिमेला नेण्याची वाट नवी नव्हती.

शांघाय उघडते

कोचीनची खरी वेळ आली ती १८४२ च्या नानकिंगच्या तहानंतर. अफूच्या युद्धात हरलेल्या चीनला पाच बंदरे इंग्रजांच्या व्यापाराला खुली करावी लागली. त्यांत शांघाय होते. या व्यापारात आपल्या मुंबईचा हात मोठा होता. माळव्याची अफू आणि कापूस मुंबईहून चीनला जाई, आणि १८१९ मध्ये वसवलेले सिंगापूर हा त्या वाटेवरचा थांबा होता. चीनहून विलायतेला परतणारी जहाजे सुंदाच्या सामुद्रधुनीतून किंवा सिंगापूरवरून जात. डेकवर खुराडी बांधलेली असत. वाटेत खाण्यासाठी जिवंत कोंबड्या हा जहाजावरचा नेहमीचा शिधा होता. जी कोंबडी खलाशांच्या ताटात गेली नाही, ती लंडनला पोहोचली!

राणी व्हिक्टोरियाकडे विंडसरला 'कोचीन-चायना' नावाचे पक्षी आले ते १८४० च्या दशकाच्या सुरुवातीस. १८४३ च्या अखेरीस लंडनच्या सचित्र वृत्तपत्रात त्यांचे चित्रही छापून आले. पण चित्रातल्या पक्ष्यांचे पाय उघडे आणि उंच आहेत. ते मलय जातीच्या जवळचे दिसतात. म्हणून पुढच्या जाणकारांनी सांगितले, की राणीचे पक्षी आजच्या अर्थाने कोचीन नव्हतेच. नाव मात्र त्यांच्यामुळे प्रसिद्ध झाले, आणि नंतर आलेल्या शांघायच्या पक्ष्यांना तेच लावले गेले.

शांघायचे खरे पक्षी इंग्लंडला आले १८४७ च्या सुमारास. एसेक्समधील स्टर्जन नावाच्या एका गृहस्थांना ते लंडनच्या वेस्ट इंडिया गोदीत उभ्या असलेल्या एका जहाजावरून, जवळजवळ योगायोगानेच मिळाले. १८५० च्या डिसेंबरात बर्मिंगहॅमच्या प्रदर्शनात हे पक्षी लोकांनी पाहिले आणि वेड लागल्यासारखे झाले. एका चांगल्या पक्ष्याला शंभर पौंडांपर्यंत किंमत येऊ लागली. पंच साप्ताहिकाने कोचीनवर व्यंगचित्रे काढली.

अमेरिकेत हे वेड आधीच पोहोचले होते. नोव्हेंबर १८४९ मध्ये बॉस्टनला कोंबड्यांचे मोठे प्रदर्शन भरले. हजाराहून अधिक पक्षी होते. तिथल्या जॉर्ज बर्नहॅम नावाच्या व्यापाऱ्याने १८५२ मध्ये राणीला करड्या शांघाय कोंबड्या भेट पाठवल्या, त्या जाहिरातीवर भरपूर पैसे कमावले, आणि १८५५ मध्ये या सगळ्या 'कोंबडीज्वरा'ची टर उडवणारे पुस्तकही लिहिले. म्हणजे आधी ज्वर पसरवून पैसे मिळवले, मग ज्वराचे वर्णन विकून पुन्हा मिळवले! याच गडबडीत आणखी एका मोठ्या जातीला 'ब्रह्मपुत्रा' असे नाव दिले गेले. हिंदुस्थानातल्या त्या नदीवरून हे पक्षी आले, असा दावा होता. पुढे ते आखडून नुसते 'ब्रह्मा' झाले. या ब्रह्माची घडणही मुख्यतः शांघायच्या कोंबड्यांपासून अमेरिकेत झाली. चिनी कोंबडीला हिंदुस्थानी नाव देण्याचा हा दुसरा प्रकार. दूरचे आणि गूढ वाटणारे नाव असले की किंमत चढते, हे व्यापाऱ्यांना तेव्हाही कळत होते.

अंड्यापासून कोंबड्यापर्यंत

एक प्रश्न सहज पडेल. एवढे मोठे पक्षी जहाजावर सांभाळण्याऐवजी अंडीच का नेली नाहीत? याचे उत्तर अंड्यातच आहे. उबवायचे अंडे आठ-दहा दिवसांपलीकडे ठेवले तर पिल्लू निघण्याची शक्यता झपाट्याने घटते. शिडाच्या जहाजाला चीनहून लंडनला पोहोचायला तीन-चार महिने लागत. म्हणून जिवंत पक्षीच न्यावे लागले. आणि जे थोडे पक्षी तगले, त्यांच्याच वंशातून विलायतेतली सारी जात उभी राहिली. आजही कोचीन वाढवणाऱ्यांना हे ध्यानात ठेवावे लागते, की थोड्या पक्ष्यांमधल्या जोड्या पुन्हा पुन्हा लावल्या की अंडी फळत नाहीत आणि पिल्ले अशक्त होतात.

कोचीनच्या अंड्याचे कवच तपकिरी असते. कवच मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच, आणि तपकिरी रंग प्रोटोपॉर्फिरिन नावाच्या द्रव्याचा. आपल्या रक्तातल्या लाल हीमचे हे जवळचे भावंड. कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात. त्यांतून हवा आत जाते आणि पाण्याची वाफ बाहेर पडते. उबवण्याचे दिवस एकवीस. पहिल्या अठरा दिवसांत अंड्याचे वजन साधारण बारा-तेरा टक्क्यांनी घटावे लागते. तेवढे पाणी गेले, तरच आत हवेची पोकळी पुरेशी मोठी होते आणि पिल्लाला पहिला श्वास घेता येतो.

यंत्रात उबवायची झाल्यास तापमान ३७.५ अंश सेल्सिअस लागते. अंडी दिवसातून तीन-चार वेळा फिरवावी लागतात. अठराव्या दिवसानंतर फिरवणे बंद. आर्द्रता आधी पन्नास टक्क्यांच्या आसपास आणि शेवटच्या तीन दिवसांत सत्तरच्या जवळ. इथे सिंगापूरची हवा मोठी सोयीची आहे. आपल्याकडची २८ अंशांची, ८० टक्के आर्द्रतेची हवा ३७.५ अंशांपर्यंत तापवली, तर तिची आर्द्रता आपोआप ४७ टक्क्यांच्या आसपास येते. म्हणजे पहिले अठरा दिवस यंत्रात पाणी घालण्याची जवळजवळ गरजच नाही. घातले तर पोकळी लहान राहून पिल्लू आतच गुदमरते. उलट विदर्भातल्या एप्रिलच्या दुपारी बाहेरची हवाच वीस टक्क्यांवर असते. तिथे पाण्याचे भांडे विसरले, की अंडी सुकून जातात. म्हणून एका गावचा कित्ता दुसऱ्या गावी जसाच्या तसा गिरवता येत नाही.

पण कोचीनला यंत्राची गरज फारशी कधी पडली नाही. खुडूक बसण्यात तिचा हात धरणारी कोंबडी विरळा. स्वतःची अंडी नसली तर ती बदकाची घेते, टर्कीची घेते, तितराचीही घेते. पिल्ले बाहेर आली, की कोणाची कोण याचा हिशेब न करता सगळ्यांना त्या भल्या मोठ्या पंखांखाली घेऊन बसते. इंग्लंडच्या शेतकऱ्यांनी तिला ठेवून घेतले ते बव्हंशी या दाईपणासाठी. आपल्या आज्या गावाकडे खुडूक कोंबडी हेरून टोपलीत भुशावर अंडी मांडत, तीच रीत.

पिल्लू अंड्यातून निघताना उरलेला बलक पोटात ओढून घेते. त्यावर दोन-तीन दिवस ते काही न खाता राहू शकते. पहिल्या आठवड्यात त्याला ३५ अंशांची ऊब लागते. मग दर आठवड्याला तीन अंशांनी ती कमी करत जायची. कोचीनची पिल्ले वाढीला फार सावकाश. पायांवर लव असते, पण अंगावर पिसे येईपर्यंत, विशेषतः नरांची, कित्येक आठवडे अर्धी उघडीच असतात. वजन भराभर वाढवण्याचा हव्यास केला, तर पाय वाकतात. पूर्ण अंगाला येण्यास दीड ते दोन वर्षे लागतात. मग मात्र कोंबडा पाच किलोंपर्यंत आणि कोंबडी चार किलोंच्या जवळ जाते. आपली गावठी कोंबडी दीड किलोच्या आसपास असते, म्हणजे फरक लक्षात येईल.

तिची काळजी घेणे सोपे, पण दोन गोष्टींत कसूर चालत नाही. पायांच्या पिसांमुळे जमीन कोरडी हवी. ओल राहिली, की चिखल साचतो, बोटे सडतात, पायांच्या खवल्यांत किडे होतात. दुसरे म्हणजे उष्णता. एवढी पिसांची रजई अंगावर घेऊन कोकणात किंवा सिंगापुरात राहायचे, तर सावली, वारा आणि थंड पाणी लागतेच. उडता येत नाही म्हणून बसायची दांडी जमिनीपासून फूटभरच असावी. ठेंगणे कुंपणही पुरते. आपल्यापैकी बहुतेकांना हे सारे वाचूनच समाधान मानावे लागेल, कारण एचडीबीच्या घरात कोंबडी पाळायला परवानगी नाही.

या जातीच्या इतिहासात एक दुखरी बाजूही आहे. सुरुवातीला ती हिवाळ्यातही चांगली अंडी घालते म्हणून वाखाणली गेली. मग प्रदर्शनांचे परीक्षक आले. पायांवर अधिक पिसे, पाठीवर अधिक गोलाई, अंगावर अधिक मऊ भार, यालाच बक्षीस मिळू लागले. लोकांनी जोड्या त्याच हिशेबाने लावल्या. पन्नास वर्षांत कोंबडी दिसायला पूर्वीपेक्षा देखणी झाली आणि अंडी घालण्यात मागे पडली. मागची पिसे इतकी दाट झाली, की ती कातरल्याशिवाय पुष्कळदा अंडी फळतही नाहीत. ज्या गुणाला आपण बक्षीस देतो तो वाढतो, आणि ज्याकडे पाहत नाही तो मुकाट्याने निघून जातो. कोंबड्यांपुरतेच हे खरे आहे असे नाही.

डार्विन काय म्हणाला, आणि कातडी काय म्हणते

कोंबडीज्वर उतरला, पण या पक्ष्यांनी विज्ञानाला एक प्रश्न देऊन ठेवला. केवढासा रानकोंबडा आणि केवढी ही कोचीन! दोघांचे कूळ एकच कसे असेल?

चार्ल्स डार्विनने यासाठी जगभरातून पाळीव पक्ष्यांची कातडी आणि सांगाडे मागवले. कलकत्त्याहून एडवर्ड ब्लाइथ त्याला पत्रांतून माहिती पुरवत. १८५४ मध्ये सिंगापूरला उतरलेला आल्फ्रेड वॉलेसही त्याला नमुने पाठवणाऱ्यांपैकी होता. १८५६ मध्ये लोंबोक बेटावरून आपल्या दलालाला लिहिताना वॉलेसने डार्विनसाठी एक पाळीव बदक पाठवले, आणि तिथला रानकोंबडाही त्याला हवा असेल असे सुचवले. १८६८ च्या आपल्या मोठ्या ग्रंथात डार्विनने निष्कर्ष काढला, की सर्व पाळीव कोंबड्यांचे मूळ एकच, आग्नेय आशियातला तांबडा रानकोंबडा. आपला सह्याद्रीचा करडा रानकोंबडा त्याने बाद केला. त्याचा आवाज वेगळा, मानेची पिसे वेगळी.

डार्विन बहुतांशी बरोबर होता. २०२० मध्ये आठशेहून अधिक पक्ष्यांच्या जनुकसंचांची तुलना झाली. त्यातून दिसले, की कोंबडी पाळीव झाली ती नैर्ऋत्य चीन, उत्तर थायलंड आणि म्यानमार या पट्ट्यातल्या तांबड्या रानकोंबड्यापासून. पण पूर्णपणे बरोबर तो नव्हता. २००८ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातील संशोधकांनी कोंबडीच्या कातडीचा रंग तपासला. तांबड्या रानकोंबड्याची कातडी पांढरट आणि पाय करडे असतात. पुष्कळ पाळीव कोंबड्यांची कातडी मात्र पिवळी आणि पायही पिवळे. मक्यातून, हिरव्या पाल्यातून येणारे पिवळे कॅरोटिनॉइड तोडून टाकणारे एक विकर शरीरात असते. पिवळ्या पायांच्या कोंबड्यांत त्याचे जनुक कातडीपुरते मंद झालेले असते, म्हणून रंग साठून राहतो. हे मंद झालेले जनुक तांबड्या रानकोंबड्याकडून आलेले नाही. ते जुळते करड्या रानकोंबड्याशी. आणि हा पक्षी जगात फक्त भारतीय द्वीपकल्पात राहतो. साइक्स यांनी पश्चिम घाटात नोंदलेला तो हाच.

कोचीनची कातडी पिवळी असते. कधीतरी, कोणत्यातरी खेड्याच्या वेशीवर रानातला करडा कोंबडा पाळीव कोंबड्यांत मिसळला असावा. त्याचा एक धागा माणसांबरोबर पूर्वेला गेला आणि शांघायच्या कोंबडीपर्यंत पोहोचला. तिच्यावर हिंदुस्थानी बंदराचे नाव आले ते निव्वळ चुकीने. पण हिंदुस्थानचे देणे तिच्या पायांत आधीपासूनच होते, आणि ते कोणत्याही बंदराच्या वहीत नोंदलेले नव्हते.

परत आपल्या ताटात

हे पक्षी गेले तसे परतही आले. अमेरिकेत मलय आणि शांघायच्या रक्तापासून 'ऱ्होड आयलंड रेड' ही तांबडी जात घडली. १९०४ मध्ये तिला मान्यता मिळाली. पुढे सरकारी कुक्कुट योजनांतून तीच भारतात आणि महाराष्ट्रातल्या परसात आली. आपल्यापैकी कित्येकांच्या गावी 'आर.आय.आर.'चा कोंबडा असेल. साइक्स यांचा कुल्म आणि राणीचे कोचीन, दोघांचे नातेवाईक एकाच खुराड्यात!

ब्रॉयलरचेही तसेच. त्याच्या मुळाशी दोन जाती आहेत. एक कॉर्निश, जी भारतातल्या असील आणि मलय कोंबड्यांपासून इंग्लंडमध्ये बनली. दुसरी प्लिमथ रॉक, जिच्यात आशियातल्या मोठ्या कोंबड्यांचे रक्त आहे. डॉ. बी. व्ही. राव यांनी १९७१ मध्ये सुरू केलेल्या आणि पुढे पुण्यात रुजलेल्या व्यंकटेश्वरा हॅचरीजने अशा संकरित पिल्लांचा धंदा भारतभर नेला. सिंगापुरात आपण खातो ते चिकनही याच कुळातले.

कोंबडी ही किती नाजूक सोय आहे, हे इथे २०२२ मध्ये कळले. त्या वर्षी १ जूनपासून मलेशियाने कोंबड्यांची निर्यात थांबवली. सिंगापूरला येणाऱ्या चिकनपैकी सुमारे एक तृतीयांश तिथून येत होते. चिकन राइसचे ठेले ताज्या कोंबडीविना अडले. निर्बंध त्याच वर्षी ऑक्टोबरात सैल झाले, पण ज्या बेटावर एके काळी प्रत्येक कांपोंगात कोंबड्या दाणे टिपत फिरत, तिथे एका शेजाऱ्याच्या निर्णयाने बाजार रिकामा होऊ शकतो, हे सगळ्यांनी पाहिले.

पुलाऊ उबीनचा पूर्वज

आता शेवटची आणि मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट. कोचीनसह जगातल्या साऱ्या पाळीव कोंबड्यांचा मुख्य पूर्वज, तांबडा रानकोंबडा, सिंगापुरात आजही रानात राहतो. पुलाऊ उबीनवर तो सहज दिसतो, मुख्य बेटावरही काही ठिकाणी आहे. मुलांना घेऊन गेलात, तर अशा खुणा पाहा: करडे पाय, कानाजवळ पांढरा ठिपका, शेपटीच्या बुडाशी पांढऱ्या पिसांचा झुबका, आणि आरवण्याचा शेवट एकदम तुटल्यासारखा.

जानेवारी २०१७ मध्ये सिन मिंग भागातल्या २४ मोकाट कोंबड्या, आवाजाच्या तक्रारी आल्यावर, सरकारी खात्याने मारल्या. त्यावर मोठी चर्चा झाली. कोंबडे झाकले म्हणून सूर्य उगवायचा राहत नाही, ही म्हण आपल्या ओठांवर आली असेल. पण त्या चर्चेत एक खरा प्रश्न होता: यांत रानटी कोणते आणि पाळीव कोणते, हे ओळखायचे कसे?

२०२३ च्या आरंभी सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठातील शास्त्रज्ञांचे संशोधन प्रसिद्ध झाले. त्यांनी शतकभरापूर्वीचे संग्रहालयातले रानकोंबडे आणि आजचे रानकोंबडे यांचे जनुकसंच ताडून पाहिले. आजच्या रानकोंबड्यांत वीस ते पन्नास टक्के वारसा पाळीव कोंबड्यांचा निघाला. म्हणजे आपल्याच पाळलेल्या कोंबड्यांत मिसळून मूळ पूर्वज हळूहळू विरघळतो आहे. रानात पिवळे पाय दिसले, तर ती या सरमिसळीची खूण. करडे पाय दिसले म्हणून पक्षी शुद्ध असेलच असे मात्र नाही. पिवळा रंग दिसायला ते जनुक आई-बाप दोघांकडून यावे लागते. एकाकडूनच आले, तर ते लपून राहते.

सह्याद्रीचा जो धागा कोचीनमध्ये पाहून आपल्याला आनंद होतो, तोच इथल्या रानात पूर्वजाला पुसून टाकण्यात सामील आहे. यात धाग्याचा दोष नाही. तो कुठे आणि कोणाच्या हातून सुटला, एवढाच प्रश्न आहे. कोंबड्यांना मिसळण्यापासून आपण अडवू शकत नाही, पण आपल्या बाजूने थोडे करता येते. नकोसा झालेला कोंबडा रानात सोडू नका. उबीनच्या सहलीत पोळीचे तुकडे टाकू नका. २०२० पासून वन्य प्राण्यांना खाऊ घालणे आणि प्राणी रानात सोडणे, दोन्ही कायद्याने मना आहे.

आपल्या मुलांना इथे वर्गात विचारतात, "तू कुठला?" कधी ते पुण्याचे म्हणतात, कधी बेडोकचे, कधी दोन्ही. त्यांना ही कोंबडीची गोष्ट जरूर सांगा. मग एखाद्या रविवारी चांगी पॉइंटवरून होडीने उबीनला घेऊन जा आणि ते करडे पाय दाखवा. वेळ सकाळची धरा. ऊन चढले, की रानकोंबडे झाडीत शिरतात.